मदत हवी आहे: व्ही-क्रॉसचा पुढचा बंपर बदलावा का?

नमस्कार मंडळी,

माझी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप आहे, २०२२ची. राहायला गडहिंग्लजला आणि काजूची बाग आजऱ्याच्या पुढे, आंबोली रस्त्याला. आठवड्याला तीन-चार फेऱ्या होतात, परतताना बहुतेक वेळा अंधारच असतो. गेल्या महिन्यात असंच येताना उसातून रानडुक्कर आडवं आलं. वेग चाळिसाच्या आत होता म्हणून थोडक्यात निभावलं, पण बंपरचा डावा कोपरा फुटला, फॉग लॅम्प गेला, एसीचा कंडेन्सर वाकला. आबा शेजारी बसले होते. तेव्हापासून घरात एकच धोशा आहे, पुढं काहीतरी भक्कम बसवून घे.

दोन पर्याय समोर आलेत. गावातला फॅब्रिकेटर म्हणतो, तीन इंची पाइपचा गार्ड थेट चासीला बोल्ट करून देतो, दोन दिवसांचं काम. कोल्हापुरात एका दुकानात अख्खा स्टीलचा बंपर पाहिला. मूळ प्लॅस्टिकचा काढायचा आणि हा लावायचा, मध्ये विंचला, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायच्या यंत्राला, जागा. दिसतो देखणा, खोटं कशाला सांगू. वजन मात्र ५५ किलो सांगितलं, वर विंच घेतली तर आणखी तीसेक किलो. आपल्या गाडीला मागं पाटे आहेत, पण पुढं कॉईल स्प्रिंग. एवढं ओझं पुढच्या टोकाला कायमचं लटकवलं तर नाक खाली बसणार, अलाइनमेंट बिघडणार, टायर कडेनं खाणार. म्हणजे स्प्रिंगही बदलायच्या.

पण माझी खरी काळजी एअरबॅगची आहे. वेग किती झटक्यात तुटतो हे सेन्सर मोजतात आणि त्यावर बॅग उघडायची की नाही ते ठरतं. कंपनीनं पुढचा भाग चुरगळावा म्हणूनच तसा केलेला असतो. तिथं न वाकणारं लोखंड थेट चासीला जोडलं तर हिशेबच बदलतो. बॅग उशिरा उघडेल किंवा नको तेव्हा उघडेल, आणि धक्का सरळ केबिनमध्ये. ऑस्ट्रेलियात कांगारूंपायी असे बंपर सर्रास लावतात, तिथल्या एआरबीसारख्या कंपन्या एअरबॅगला चालतील असे, गाडीगणिक वेगळे बनवतात. दुकानदाराला तसं विचारलं तर म्हणाला, “काही होत नाही हो, सगळे लावतात.” आबांना शेजारी बसवून मी या उत्तरावर विसंबणार नाही.

कायद्याचंही आहेच. केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं डिसेंबर २०१७मध्ये बुल गार्डवर, म्हणजे पुढं लावतात त्या असल्या लोखंडी गार्डवर, कारवाई करा असं राज्यांना कळवलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२वर (गाडीत बदल करण्याबाबतच्या) बोट ठेवून. २०१९च्या दुरुस्तीनंतर गाडीत बेकायदा बदल केल्यास दर बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. शिवाय रस्त्यात गडहिंग्लजचा बाजार लागतो, शाळेची पोरं असतात. त्यांच्यापैकी कुणाला त्या पाइपचा धक्का बसला तर, हा विचारही डोक्यातून जात नाही.

आणि गवा आडवा आला तर? ८००-९०० किलोचं जनावर. तिथं ५५ किलोचं लोखंड कितपत पुरणार?

म्हणून सध्या कल असा आहे की बंपर कंपनीचाच नवा घ्यावा, मूळ जाळीच्या आतून कंडेन्सरपुढं बारीक तारेची जाळी लावावी, खाली इंजिनाला पत्र्याची प्लेट, आणि वाचलेले पैसे हेडलाइट नीट करण्यात घालावेत. जनावर लांबून दिसलं तर ब्रेक तरी लागेल.

ज्यांनी स्टीलचा बंपर लावलाय त्यांनी सांगावं: पुढच्या स्प्रिंगा किती दिवसांनी बसल्या? नंतर अपघात झाला असेल तर विम्याच्या सर्व्हेअरनं क्लेम कसा धरला, एअरबॅग उघडली का? आतून जाळी लावलेल्यांची गाडी मे महिन्यात घाट चढताना तापते का? कंडेन्सर सोमवारी येतोय, पुढचा भाग उघडाच आहे, त्यामुळं तोवर ठरवायचंय.