जुन्या काळी संस्था इंटरनेटला जोडल्या कशा जायच्या?

नेटवर्क_विद्यार्थी: १९६९ मध्ये आर्पानेटची, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकी सरकारी जाळ्याची, पहिली चार ठिकाणं जोडली गेली, हे वाचलं. पण ऐंशीच्या दशकात एखाद्या साध्या कॉलेजला किंवा कंपनीला जोडून घ्यायचं असेल, तर अर्ज कोणाकडे करायचा?

जुना_अ‍ॅडमिन: अर्जापेक्षा शेजारी शोधावा लागायचा. आर्पानेटवर यायला अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कामाशी संबंध लागे. आमच्या संस्थेचा तो नव्हता, म्हणून आम्ही यूयूसीपीवर होतो, म्हणजे युनिक्स मशीननी एकमेकांना फोन लावून मेल आणि फाइली द्यायची पद्धत. एक युनिक्स मशीन, फोनच्या तारेवरून डेटा पाठवणारा एक मोडेम आणि लॉगिन द्यायला तयार असलेला दुसऱ्या संस्थेचा अ‍ॅडमिन, एवढ्यावर काम भागायचं. रात्री फोनचे दर उतरले की आमचं मशीन त्याच्या मशीनला फोन लावायचं, साठलेली मेल द्यायचं, तिकडची घ्यायचं. पत्त्यातच सगळी वाट लिहायची: शेजाऱ्याचं मशीन, उद्गारचिन्ह, त्याच्या शेजाऱ्याचं मशीन, पुन्हा उद्गारचिन्ह, असं करत शेवटी माणसाचं नाव. मधलं एक मशीन बंद असलं की पत्र तिथेच अडकायचं. चालणाऱ्या वाटा मी वहीत लिहून ठेवायचो.

पुढे टेलिबिटचा ट्रेलब्लेझर मोडेम मिळाला. त्याचं मला फार कौतुक आहे. यूयूसीपी ६४ बाइटची दोन-चार पाकिटं पाठवून पोच येईपर्यंत थांबायचं. हा मोडेम एका वेळी एकाच दिशेने वेगात चालायचा, त्यामुळे प्रत्येक पोचेसाठी दिशा बदलली असती तर सगळा वेग वाया गेला असता. म्हणून आपल्या बाजूचा मोडेमच मशीनला जागच्या जागी पोच द्यायचा आणि माल न थांबता पलीकडे ढकलत राहायचा. ज्याला हे सुचलं त्याला सलाम.

मेनफ्रेमवाला: आमच्याकडे बिटनेट होतं, म्हणजे विद्यापीठांच्या मोठ्या संगणकांचं जाळं, १९८१ मध्ये न्यूयॉर्कचं सिटी विद्यापीठ आणि येल यांनी सुरू केलेलं. जवळच्या सभासदापर्यंतची लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेली कायमची तार, आणि दोन्ही टोकांचे मोडेम आपल्या खर्चाने घ्यायचे. उद्या कोणी आपल्याकडे जोडून मागितलं तर त्याला फुकट जोडू द्यायचं. जाळं वाढलं ते या दुसऱ्या अटीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

नेटवर्क_विद्यार्थी: मग जुना_अ‍ॅडमिन, तुम्ही इंटरनेटवर होता की नव्हता?

जुना_अ‍ॅडमिन: आयपी, म्हणजे इंटरनेटची थेट जोडणी, नव्हती, पण नाव होतं. १९८६ मध्ये डीएनएसमधल्या, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या यादीतल्या, एमएक्स नोंदींचा नियम आला; एखाद्या नावाची मेल कोणत्या मशीनकडे द्यायची ते या नोंदी सांगतात. आमच्या डोमेनची मेल इंटरनेटवरच्या एका मशीनकडे जायची आणि तिथून रात्रीच्या फोनवर आमच्याकडे यायची. पाठवणाऱ्याला वाट माहीत असायची गरजच उरली नाही.

खरं आयपी बहुतेक विद्यापीठांना एनएसएफनेटमुळे, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या जाळ्यामुळे, मिळालं. १९८६ मध्ये त्याचा कणा, म्हणजे प्रादेशिक नेटवर्कना जोडणारा मुख्य मार्ग, ५६ केबीपीएसचा होता, १९८८ मध्ये टी१ म्हणजे सुमारे दीड एमबीपीएसचा झाला. संस्थेने आपल्या भागातल्या प्रादेशिक नेटवर्कपर्यंत लाइन घ्यायची, पुढचं ते नेटवर्क बघायचं. मात्र त्या कण्यावर निव्वळ धंद्याची वाहतूक चालत नसे. १९९५ मध्ये तो बंद झाला आणि व्यापारी कंपन्यांनी ती जागा घेतली. माझ्या वहीतल्या वाटा तोवर कधीच निकामी झाल्या होत्या. वही अजून आहे.