मदत हवी आहे: भाचीचा प्रकल्प, मोनालिसा आणि एक अंगठा

शेवंती

मंडळी, नमस्कार. धागा लांबला तर आधीच माफी मागते.

भाची एसवायबीएला आहे. या सत्रात चार हजार शब्दांचा प्रकल्प लिहायचा आहे. अट अशी की इतिहास, गुन्हेगारी, विज्ञान आणि कला यांपैकी निदान दोन गोष्टी एकाच विषयात आल्या पाहिजेत. सरांनी पहिल्याच तासाला बजावलं होतं, "मागच्या वर्षी सात जॅक द रिपर वाचले. यंदा आठवा आला तर न वाचता परत करीन." तरीही वर्गात तीन जॅक द रिपर, दोन टायटॅनिक, एक चेर्नोबिल आणि एक व्हॅन गॉगचा कान अशी यादी लागली. सगळी पोरं एकाच एआयला एकच प्रश्न विचारतात, दुसरं काय होणार.

भाचीने मोनालिसाची चोरी घेतली. पंधरा दिवस खपून टिपणं काढली. थोडक्यात देते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

२१ ऑगस्ट १९११, सोमवार. लूव्र संग्रहालय सोमवारी बंद असायचं. विन्चेंझो पेरुजा नावाचा इटालियन कारागीर कामगारांसारखा पांढरा डगला घालून आत होता. पूर्वी त्याच संग्रहालयात चित्रांना काचा बसवायच्या कामावर असल्यामुळे त्याला आतली माहिती होती. त्याने चित्र भिंतीवरून उतरवलं, जिन्यात चौकट आणि काच काढून ठेवली आणि चित्र घेऊन चालता झाला. (चित्र कापडावर नाही, लाकडी फळीवर आहे. त्यामुळे "गुंडाळून नेलं" असं जिथे लिहिलंय ते सगळं बाद, हे भाचीने स्वतः शोधलं.) मंगळवारी एक चित्रकार तिथे बसून काम करायला आला, तेव्हा भिंतीवर नुसते खिळे दिसले. पहारेकऱ्यांना वाटलं, फोटो काढायला नेलं असेल. पुढे लोक रिकामी भिंत बघायला रांगा लावू लागले. अपोलिनेर हा कवी काही दिवस तुरुंगात बसून आला, पिकासोची चौकशी झाली. चित्र मात्र दोन वर्षं पॅरिसमध्येच पेरुजाच्या खोलीत, पेटीच्या चोरकप्प्यात. डिसेंबर १९१३ मध्ये तो ते फ्लोरेन्सच्या एका व्यापाऱ्याला विकायला गेला आणि पकडला गेला. "नेपोलियनने लुटलेलं आमचं चित्र परत आणलं" असं त्याने कोर्टात सांगितलं. वास्तविक लिओनार्दो स्वतःच ते चित्र घेऊन फ्रान्सला गेला होता, नेपोलियनच्या तीनशे वर्षं आधी.

हे वाचून सरांनी खाली लाल पेनाने एकच ओळ लिहिली: "गोष्ट छान. प्रश्न कुठे आहे?"

तेव्हापासून बाईसाहेब रुसून बसल्या आहेत. "मावशी, आता मी पण टायटॅनिक घेते." बहिणीने प्रकरण माझ्या गळ्यात घातलंय. तर विचारायचं असं की याच विषयातून प्रश्न कसा काढायचा? की विषयच बदलावा? सरांनी तीन आठवडे दिलेत.

तिरकस

विषय बदलायचा असेल तर कान सोडा, सूर्यफुलं घ्या. व्हॅन गॉगने वापरलेला क्रोम पिवळा रंग प्रकाशाने तपकिरी पडतो. का पडतो ते क्ष-किरण वापरून तपासलं गेलंय. कला अधिक रसायनशास्त्र, आणि प्रश्न आयता: चित्र दाखवायचं की जपायचं?

पाथरवट

मी जेजे स्कूल ऑफ आर्टचा. त्यामुळे माझं मत आधीच ठरलेलं आहे, अजिंठा! रॉबर्ट गिल नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी वर्षानुवर्षं तिथे राहून भित्तिचित्रांच्या नकला करत होता. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग आमच्या जेजेचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला करायला बसले. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्याही बऱ्याच गेल्या. दोन वेळा! नकला करताना मूळ चित्रं नीट दिसावीत म्हणून आणि नंतर ती टिकावीत म्हणून जे व्हार्निश आणि लाखेचे थर चढवले गेले, ते पिवळे पडून सोलायला लागले. चित्रांवर प्रेम करणाऱ्यांनीच चित्रांचं किती नुकसान केलं, हा चार हजार शब्दांचा प्रश्न नाही का? शिवाय एसटीत बसून प्रत्यक्ष बघून येता येतं. पॅरिसला कोण पाठवणार आहे तिला?

शेवंती

पाथरवट, तुमचा प्रतिसाद वाचून मलाच प्रकल्प करावासा वाटायला लागलाय. पण भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "टिपणं फुकट घालवणार नाही." तिचं म्हणणं, मोनालिसामध्येच एक गोष्ट तिला टोचतेय. जिन्यात सापडलेल्या काचेवर चोराच्या अंगठ्याचा ठसा होता. पेरुजाला त्याआधी पॅरिसमध्ये अटक झालेली होती, म्हणजे त्याचं कार्ड पोलिसांकडे होतं. मग दोन वर्षं तो सापडला कसा नाही? ती म्हणते, पोलीस ढ होते एवढंच लिहायचं का?

रात्रपाळी

शेवंतीताई, भाचीला सांगा की प्रश्न तिला सापडलाय, ती उगाच रुसली आहे.

पॅरिस पोलिसांच्या ओळखशाखेचा प्रमुख होता आल्फोन्स बर्तियों. हा माणूस अजिबात ढ नव्हता. गुन्हेगाराची उंची, डोक्याची लांबी-रुंदी, मधलं बोट, पाऊल, कोपरापासूनचा हात अशी मापं घ्यायची आणि त्या मापांनुसार कार्डं कप्प्यांत लावायची, ही पद्धत त्याचीच. जगभर तिचं कौतुक झालं. नंतर त्याने कार्डावर बोटांचे ठसेही घ्यायला सुरुवात केली, पण जादाची खूण म्हणून. कप्पे राहिले मापांचेच.

आता घोळ बघा. चोर काचेवर अंगठा ठेवून जातो, डोक्याची लांबी ठेवून जात नाही. हातात अंगठा आहे आणि कपाट लावलंय डोक्याच्या मापाने. मग कार्ड शोधणार कसं? त्यात भर म्हणजे काचेवरचा अंगठा डावा होता आणि कार्डांवर उजव्या हाताचे ठसे, असं सगळीकडे सांगितलं जातं. हा तपशील मात्र भाचीने चांगल्या पुस्तकातून पडताळून मगच घ्यावा.

आणि आता गंमत. याच बर्तियोंने १९०२ साली पॅरिसमधल्याच एका खुनात फुटक्या काचेवरच्या ठशांवरून शेफर नावाचा माणूस शोधून काढला होता. त्याचंही कार्ड आधीपासून होतं. काच तीच, साहेब तोच, पद्धत तीच. १९०२ मध्ये जमलं ते १९११ मध्ये का जमलं नाही? हा घ्या प्रश्न.

आपल्याकडचा धागाही जोडता येईल. हाच कपाटाचा प्रश्न कलकत्त्याला १८९७ पर्यंत सुटलेला होता. बंगाल पोलिसांचा प्रमुख एडवर्ड हेन्री याच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांनुसारच कार्डं लावायची पद्धत बसवली, १०२४ कप्प्यांची. १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डने तीच उचलली. पॅरिसने कलकत्त्याचं ऐकलं असतं तर पेरुजा आठवड्यात गजाआड असता.

पाथरवट

हार मानली. अजिंठा पुढच्या वर्षी.

ठसेवाला

निवृत्त माणूस आहे, नोकरी याच खात्यात गेली. रात्रपाळी यांचं बरंचसं बरोबर आहे, पण शेवटचं वाक्य साफ चूक. मुलीने ते तसंच उतरवलं तर सर पुन्हा लाल पेन काढतील, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या लहानपणी आजी बोटं धरून शंख किती, चक्रं किती ते मोजायची. दहा चक्रं म्हणजे राजयोग. तेच चक्र आणि तोच शंख इथे आहेत, फक्त राजयोग नाही. हकसाहेबांची युक्ती अशी: दहा बोटांना क्रमांक द्या. उजवा अंगठा १, तिथून उजवी करंगळी ५. डावा अंगठा ६, डावी करंगळी १०. दोन-दोनच्या जोड्या करा. पहिल्या जोडीत चक्र असेल तर १६ गुण, दुसरीत ८, मग ४, २, १. चक्र नसेल तर शून्य. सम क्रमांकांच्या बोटांची बेरीज वर, विषमांची खाली, आणि दोन्हींत एक-एक मिळवा, म्हणजे शून्य छेद शून्य असा कप्पा होत नाही. वर ३२ शक्यता, खाली ३२. बत्तीस बत्ते एक हजार चोवीस. झाले कप्पे.

आता नीट बघा. हा अपूर्णांक काढायला दहाही बोटं लागतात. माणूस कोठडीत समोर बसलेला असेल आणि खोटं नाव सांगत असेल, तर दहा बोटं घेऊन पाच मिनिटांत त्याचं जुनं कार्ड काढता येतं. ही पद्धत त्यासाठीच होती. काचेवरचा एकटा अंगठा घेऊन कलकत्त्याला गेला असतात तरी कोणत्या कप्प्यात हात घालणार होतात? सुट्या ठशांचं वेगळं कपाट स्कॉटलंड यार्डमध्ये बॅटली यांनी १९३० च्या सुमारास उभं केलं. तोपर्यंत घटनास्थळावरचा एकच ठसा उपयोगी पडायचा तो संशयित हाती असेल तरच.

कलकत्त्याचंच उदाहरण देतो. १८९८, जलपायगुडी, चहाच्या मळ्याच्या मॅनेजरचा खून. घरातल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेला अंगठा उमटलेला. जुना नोकर कांगाली चरण याच्यावर संशय गेला, तो आधी चोरीत शिक्षा झालेला, कार्ड तयार. ठसा जुळला. पण कोर्टाने त्याला चोरीत दोषी धरलं, खुनात नाही! ठसा सांगतो की हात तिथे होता. त्या हाताने काय केलं ते ठसा सांगत नाही. हे त्या काळच्या कोर्टाला कळलं होतं, आजच्या मालिकावाल्यांना कळत नाही.

शेफरच्या वेळी एकापेक्षा जास्त बोटांचे ठसे मिळाले होते, हाही फरक लिहायला सांगा. आणि पेरुजा लूव्रचा नोकर नव्हता, कंत्राटदाराकडचा माणूस होता. संशयितांच्या यादीत कोण येतं आणि कोण सुटतं, ते तिथे ठरतं.

रात्रपाळी

काका, दंडवत. चूक मान्य. गजाआडचं वाक्य मागे घेतो.

कुरकुरे

अवांतर: हेन्रीची पद्धत, हेन्रीचं पुस्तक, आणि गणित कुणाचं? हक आणि बोस यांना खानबहादूर आणि रायबहादूर करून बोळवण. १८५८ मध्ये हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमधल्या जंगीपूरला राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला, त्याचंही नाव कुणाला माहीत नाही. उद्देश एवढाच की पठ्ठ्याने नंतर "ही सही माझी नव्हे" म्हणू नये. कागदावर अंगठा देणाऱ्याला आपण अजून हसतो!

तिरकस

कुरकुरे, वेगळा धागा काढा, येतो तिकडे. शेवंतीताई, एक सापळा दाखवून ठेवतो. पेरुजामागे कुणी मार्कीस (उमराव) होता आणि त्याने नकली मोनालिसा करवून अमेरिकनांना विकल्या, ही कथा भाचीला हमखास भेटेल. ती १९३२ साली एका अमेरिकन मासिकात आली आणि तिला पुरावा नाही. एआय ती फार रंगवून सांगतं.

शेवंती

तिरकस, ती कथा टिपणांत होती! दोन पानं. आत्ताच फाडली.

सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. रुसवा गेला. आता शीर्षक असं ठरलंय: "हाती ठसा असून चोर का सापडला नाही? पॅरिस १९०२ आणि पॅरिस १९११". कलकत्त्याचा भाग मध्ये येईल, कपाट दहा बोटांचं आणि पुरावा एका बोटाचा हे समजावायला. सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, त्यांनी "आता लिहा" एवढंच उत्तर दिलं. त्यांच्या मानाने ही स्तुतीच.

ठसेवाला काका, एक शंका. काल रात्री तिने स्टँप पॅड घेऊन दहाही बोटं कागदावर उमटवली, भिंग लावून मोजली. चक्रं तीन: उजवा अंगठा, उजवी अनामिका, डावी अनामिका. उत्तर ८ छेद १७ आलं. बरोबर आहे का? प्रकल्पात स्वतःचा कप्पा छापायचा आहे म्हणे. आणि ही शाई बोटांवरून कशी काढायची? साबणाने निघत नाहीये आणि आज तिची तोंडी परीक्षा आहे.

ठसेवाला

९ छेद १८. दोन्हीकडे एक मिळवायचा राहिला.

स्टँप पॅडची शाई आहे ना, कापसावर खोबरेल तेल घेऊन चोळा, मग साबण. आणि तिला सांगा, ठसा घेताना बोट दाबायचं नाही, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलकेच लोळवायचं. दाबलं की चक्राचं नुसतं काळं डबकं होतं. डाव्या अनामिकेचं पुन्हा एकदा बघा, दोन शंख एकमेकांत अडकलेले असले तरी ते चक्रातच धरतात.