५जीचा वेग तुरीत पोचते काय?

डिजिटल_नागपुरी: सिम निवडणं सोपं आहे. स्पीड टेस्ट करा, जिथे ५जी पळतं ते घ्या. पटत नसेल तर १९०० वर मेसेज टाका, पोर्ट करा: नंबर तोच, कंपनी दुसरी. रडत बसू नका.

कपाशीवाला: "रडत बसू नका" वाचलं अन् राहवलं नाही. भाऊ, तुमी नागपूरच्या सदरमध्ये बसून मोजता, आमी वावराच्या धुऱ्यावर. तुमचा वेग येते ३३०० मेगाहर्ट्झवर, त्याचा पल्ला किती? लांब जाते ते ७००-९०० चं सिग्नल. मले जाहिरात नाही, टॉवर शिवाराच्या कोणत्या अंगाले हाय ते पाहा लागते. अन् लाईन गेली, टॉवरची बॅटरी बसली का तुमचं ५जी अन् आमचं २जी एकाच भावात. माय बटणाचा जुना फोन वापरते. जिओले २जी नाही, म्हणजे सिमच्या आधी फोन बदला. धरलं काय हे हिशेबात?

डिजिटल_नागपुरी: ४जीवाला बटणाचा फोनही मिळतो.

कपाशीवाला: पैसे धाडता काय?

गुरुजी_वाशीम: खरी लूट २८ दिवसांच्या रिचार्जची आहे. वर्षाला १३ रिचार्ज! दूरसंचार नियामक ट्रायनं २०२२ मध्ये ३० दिवसांचा एक तरी प्लॅन ठेवायला लावला, तो शोधायला चष्मा लागतो. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी सोबतच दर वाढवले. पोर्ट करून जायचं कुठं?

धारणीवाला: पोर्ट केलं की ९० दिवस पुन्हा हलता येत नाही. चुकलं तर खरीप तसाच काढा. अन् आमच्या गावात टॉवरच एक, निवडायचं कशातून? ई-पीक पाहणीचा, म्हणजे सातबाऱ्यावर पीक चढवाचा, फोटो शेतात काढायचा अन् तो अपलोड कराले टेकडी चढायची.

डिजिटल_नागपुरी: फोटो साठवून घरून अपलोड करता येतो. माहिती घेऊन लिहीत जा.

कपाशीवाला: साठवला होता. घरी नेट फिरत राह्यलं, मुदत निघून गेली. सातबाऱ्यावर सोयाबीन चढलं नाही, हमीभावाच्या नोंदणीतून बाद. व्यापाऱ्यानं म्हटलं त्या भावात देलं.

गुरुजी_वाशीम: शेवटच्या दिवशी गेले असाल. शेतकरी नेहमी...

कपाशीवाला: नेहमी काय? बोला ना! तुमचा पगार नेटवर्क पाहून येते काय? पाणी उघडलं नव्हतं तवा वावरात तुमी जाणार होते फोटो काढाले?

गुरुजी_वाशीम: माझीही चार एकर आहे.

धारणीवाला: बटाईनं देली असन.

गुरुजी_वाशीम: तो विषय नाही.

डिजिटल_नागपुरी: बरं बाप्पा, टॉवर आधी, स्पीड मागून. झालं समाधान? आता सांगा, धारणीकडे लग्नाला यायचं आहे, कोणतं सिम टाकू?

धारणीवाला: गाव कोणतं? रस्त्यावरचं का आतलं?

डिजिटल_नागपुरी: पत्रिकेत नुसतं "मु. पो." आहे, वाचता येत नाही.

कपाशीवाला: मंग स्पीड टेस्ट करा.

गुरुजी_वाशीम: २८ दिवसांवर कोणीच बोलून नाही राहिलं.