महाराष्ट्र एक्सप्रेसचं स्लीपर आणि मे महिना (ग्रुप: शाहूपुरीची मंडळी)

पिंकी (नागपूर): ऐका सगळे, वास्तुशांत मे महिन्यात, दुसऱ्या आठवड्यात ठरली. आप्पा-आक्का, तुम्ही दोन दिवस आधीच या. शेवटच्या क्षणी धावपळ नको.

संजूदादा (पुणे): मी कोल्हापूरला येऊन त्यांना पुण्याला आणतो आणि विमानात बसवतो. दीड तासात नागपूर.

आप्पा: काही गरज नाही. महाराष्ट्र एक्सप्रेस आहे की. दुपारी घरी जेवायचं, रिक्षानं स्टेशन गाठायचं, बसायचं ते थेट नागपूर. मधे उतरा-चढायची भानगड नाही. स्लीपरची दोन तिकिटं काढ.

बंटी: आप्पा, चोवीस तासांच्या वर लागतात तिला!

आप्पा: लागू देत. राज्याच्या बाहेर पाऊल न टाकता तेराशे किलोमीटर जाते ती, गोंदियापर्यंत. आडवं पडून सगळा महाराष्ट्र बघायचा. तुझ्या विमानातनं ढग सोडून काय दिसतंय?

सुमनकाकू: भावजी, पण थांबते किती ती! किर्लोस्करवाडी काय, कोरेगाव काय…

आप्पा: थांबते म्हणूनच तिथल्या लोकांची सोय होते. सुपरफास्टवाले बघतात का त्यांच्याकडं?

मिरजेचे मामा: वाचतोय मगापासून. तीस वर्षं रेल्वेत काढली, म्हणून मधे तोंड घालतो. आप्पा, रात्रीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पुणं रात्री येतं, नगर मध्यरात्री उलटल्यावर, मनमाड पहाटेच्या सुमाराला. तेवढ्यात तुमची झोप झालेली असते. रात्रीसाठी स्लीपरसारखी गाडी नाही, हे मीही म्हणतो.
घोळ आहे तो भुसावळनंतर. मलकापूर, अकोला, बडनेरा, पुलगाव, वर्धा हा सगळा पट्टा ही गाडी चढत्या उन्हात आणि भर दुपारी कापते. थंडीत काही वाटत नाही. मे महिन्यात अकोल्याला पारा ४५ च्या घरात. डब्याचा पत्रा असा तापतो की वरच्या बर्थला पाठ टेकवत नाही. पंखा गरम हवाच फिरवणार. खिडकी उघडी ठेवली तर झळा, बंद केली तर कोंडमारा. आम्ही ओला पंचा खिडकीला अडकवायचो, बघता बघता खडखडीत वाळायचा. या वयात तुम्ही दोघं ते अंगावर घेऊ नका.

जावईबापू (नागपूर): मामा बरोबर सांगून राहिले. मे मध्ये दुपारी बारा ते चार आम्हीच कूलरपुढून हलत नाही. गाडी सायंकाळकडे इथं पोचते, म्हणजे सारं ऊन डब्यातच.

संजूदादा: मग थर्ड एसी. विषय संपला.

आक्का: मला एसीत गुडघे धरतात. आणि ती पिवळट काच, बाहेर गाव आलं की शेत तेसुद्धा कळत नाही.

आप्पा: शिवाय पैसे. ज्येष्ठांची सवलत होती, पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५०. मार्च २०२० मध्ये काढून घेतली, ती अजून परत नाही.

संजूदादा: आप्पा, पैसे मी देतोय.

आप्पा: तुझे असले म्हणून काय झालं, पैसे ते पैसेच.

मिरजेचे मामा: एक मार्ग आहे. महाराष्ट्र एक्सप्रेसनं स्लीपरमध्ये शेगावपर्यंतच या. ती तिथं सकाळीच पोचते, ऊन तापायच्या आधी. दर्शन घ्या, प्रसाद घ्या, भक्त निवासात दुपार आणि रात्र काढा. दुसऱ्या दिवशी विदर्भ एक्सप्रेसनं पुढं. ती अंधारातच येते, पण दहाच्या आत नागपुरात सोडते. दोन तुकड्यांत तिकीट थोडं महाग पडतं, कारण एकाच लांब तिकिटाला पुढचे किलोमीटर स्वस्त होत जातात. पण दुपार टळते.

आक्का: शेगाव! मग ठरलंच. अंधारात काय, काकड आरतीला उठतो तसं उठू.

पिंकी: आक्कानं दोन सेकंदांत निकाल लावला 😄 येताना कचोरी आणा, गरमच पाहिजे असं नाही.

बंटी: मी पण येतो सोबत. दादा, तिघांचं एकच तिकीट काढ.

मिरजेचे मामा: अजिबात नको! ज्येष्ठांचा लोअर बर्थचा कोटा साठीच्या वरचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या वरच्या बायका यांना मिळतो, आणि तिकिटावर अशी एक किंवा दोनच माणसं असली तरच. तुझं नाव त्यात घुसलं की कोटा गेला. तुझं वेगळं काढ.

संजूदादा: बरं झालं सांगितलंत. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी मिळायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस झालेत. आपल्या तारखेचं परवा सकाळी आठला उघडतंय.

सुमनकाकू: आक्का, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी देते. भात अजिबात नेऊ नका, रात्रीपर्यंत आंबेल. पाण्याची कॅन मोठी घ्या.

आक्का: दशम्या दुधातच भिजव गं, मागच्या वेळी कोरड्या झाल्या होत्या.

आप्पा: लोअर मिळाला तरी मधल्या बर्थवाला लवकर झोपणारा निघाला की संपलं, मान वाकवून बसा.

मिरजेचे मामा: दहाच्या आधी त्याला मधला बर्थ उघडता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा, एवढाच त्याचा हक्क. गोडीत सांगायचं. आणि सहाला तो उठला नाही, तर तुम्ही चहावाल्याला थांबवून मोठ्यानं भाव विचारा.

*(तीन दिवसांनी)*

संजूदादा: झालं काम. आप्पा-आक्कांना दोन्ही लोअर, समोरासमोर. शेगाव ते नागपूर थर्ड एसी, आप्पा आता काही बोलू नका. बंटी, तुला स्लीपरच्या त्याच डब्यात साइड अप्पर.

बंटी: सहा फूट माणसाला साइड अप्पर??

मिरजेचे मामा: पाय पॅसेजकडं करू नकोस, भुसावळला केळीवाल्यांच्या पाट्या लागतात.