मदत हवी आहे : नातीचं सुकन्या खातं आणि दुपारचे साडेबारा

नमस्कार. रंकाळ्यावर सकाळी आमच्यासोबत फिरणाऱ्या एका निवृत्त गुरुजींसाठी विचारतोय. सात वर्षांची नात गेली.

सुकन्या खात्याचं काम तसं सरळ आहे. अर्ज, मृत्यू दाखला आणि पासबुक द्यायचं. रक्कम पालकाला मिळते, म्हणजे इथे गुरुजींच्या मुलाला, गुरुजींना नाही. मृत्यूनंतर खातं बंद होईपर्यंतचं व्याज पोस्टाच्या साध्या बचत खात्याच्या दरानं, म्हणून रेंगाळण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या पेन्शन खात्यातून दरमहा हजार रुपये आपोआप वळते होतात. ती सूचना वेगळा अर्ज देऊन थांबवायची. दाखल्यानंतर गेलेला हप्ता कुणाला परत मिळालाय का?

खरी अडचण पुढेच आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर ते अजून लिटरभर दूध घेतात, त्यातलं अर्धा लिटर नातीचं. साडेबाराला, शाळेची रिक्षा यायच्या वेळी, फाटकाची कडी काढून उभे. साडेअकराला वाचनालयात नेऊन बसवलं, तर सव्वाबाराला पेपर घडी घालून उठलेच. त्या अर्ध्या तासाला कुणी काय लावून दिलं? ‘देवाची इच्छा’ एवढं सोडून काहीही सुचवा. ते ऐकलं की दोन दिवस फिरायलाच येत नाहीत.