मदत हवी आहे : ‘मेल्युझीन’मधील जुन्या गीतांचे अर्थ

सेसिल मॅक्लोरिन साल्व्हां या अमेरिकी जाझ गायिकेचा २०२३ साली आलेला ‘मेल्युझीन’ हा अल्बम आमच्या श्रवणमंडळात लावला, तेव्हा एला फिट्झजेराल्ड या जुन्या अमेरिकी जाझ गायिकेच्या इंग्रजी गाण्यांवर वाढलेल्या ज्येष्ठ सभासदांनी, बहुतांशी फ्रेंचमध्ये गायलेले हे जाझ कसले, अशी शंका आधीच घेतली होती. मात्र दर शनिवारी कमरेखाली सर्प होणारी स्त्री, तिला त्या दिवशी न पाहण्याचे वचन देऊन ते मोडणारा नवरा आणि शेवटी सर्पिणीच्या रूपात उडून जाणारी ती, ही अल्बमच्या नावामागची मेल्युझीनची दंतकथा मी सांगितल्यावर तेच सभासद डोळे मिटून ऐकू लागले. कुजबुजीएवढा खाली आणलेला आवाज क्षणात खणखणीत होतो, तेव्हा एका काकांच्या तोंडून नकळत ‘वा!’ निघाले, आणि मला फार समाधान वाटले.

अल्बममध्ये थेट बाराव्या शतकापर्यंत मागे जाणारी गीते असून ऑक्सितान (दक्षिण फ्रान्सची जुनी भाषा) आणि हैतीची क्रिओल या भाषाही आहेत. तेथे माझे तोडके फ्रेंच पुरत नाही. यापैकी कोणत्याही भाषेचे जाणकार येथे असल्यास त्या गीतांचा भावार्थ मराठीत सांगाल का? पुढील बैठकीत, गाणे लावण्यापूर्वी, तो वाचून दाखवण्याची माझी मनापासून इच्छा आहे.