'दुचाकीवाल्यांनी कडेनं गप चालावं' म्हणणाऱ्यांसाठी

घाटवाट:

काल इथं एका चारचाकीवाल्यानं लिहिलं की दुचाकीवाल्यांनी पांढऱ्या पट्टीच्या डावीकडनं गप चालावं, मागून मोठी गाडी आली की खाली उतरावं, कुणी कट मारला तर सोडून द्यावं, कारण "शेवटी मरणार तुम्हीच". त्याखाली लोकांनी भरभरून अंगठे दिलेत. मला ते वाचून झोप लागली नाही म्हणून नीट लिहितोय, लांबेल, पण वाचा.

कड सुरक्षित असते हे कुणी सांगितलं? पुणे-बंगळूर हायवेला सातारा ते कागल सहापदरीकरण चाललंय, त्या कडेनं एकदा मोटरसायकल चालवून बघा. खडी, सर्व्हिस रोडच्या डांबराची उंच कड जिच्यावरनं चाक घसरलं की संपलं, उलट्या दिशेनं येणारे, ढाब्यापुढं अर्धा ट्रक रस्त्यात ठेवून जेवायला गेलेले. शहरात कड म्हणजे उभ्या गाड्यांची रांग आणि त्यातला कुणीतरी आरशात न बघता दार उघडणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं लेन मोकळी आहे, मग तो लेन न बदलता तुम्हाला घासून पुढं जातो. तुम्ही लेनमध्ये असलात तर त्याला लेन बदलावीच लागते. मी डाव्या लेनमध्ये चारचाकीचं उजवं चाक जिथनं जातं त्या पट्ट्यात चालवतो, पुढच्याच्या आरशात दिसतो, आणि लेनच्या बरोबर मधोमध जे ऑईल सांडलेलं असतं तेही टळतं.

आता अंगावर येणाऱ्याचं. मागून हाय बीम मारत, हॉर्न दाबून धरत कुणी चिकटला तर गॅस हळू सोडायचा, इंडिकेटर द्यायचा, जागा चांगली मिळाली की त्याला जाऊ द्यायचं. जागा मी बघणार, त्यानं हॉर्न मारला म्हणून मी खडीत उतरणार नाही. पाठलाग करायचा नाही, सिग्नलला जाऊन काच वाजवायची नाही, तिथं आपलं डोकं तापलेलं असतं आणि पुढचे शंभर मीटर आपणच बेकार चालवतो. नंबर लक्षात ठेवायचा, मागं बसलेल्यानं फोटो काढला असेल तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर टाकायचा.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. म्हणजे जवळपास ७५ हजार. ते सगळे स्टंट करत होते का? मरणार आम्हीच हे आम्हाला माहितीय, म्हणून तर मारणाऱ्यानं आधी सांभाळायचं असतं.

स्टेअरिंगवाला:

ती पोस्ट माझीच. तुम्ही सोयीचं तेवढं उचललंत. मी लिहिलं कारण मला रोज भीती वाटते, तुमची नाही, तुम्हाला मारण्याची. डावीकडं इंडिकेटर दिलाय, वेग कमी केलाय, आणि नेमकं त्याच क्षणी डावीकडनं एक जण शिरतो. आरसे काढून ठेवलेले किंवा आत दुमडलेले, मोबाईल हेल्मेटात खोचलेला, हेल्मेट असलं तर! शिरवळच्या पुढं एकानं असंच डावीकडनं येऊन माझा आरसा उडवला, स्वतः पडला, खरचटलं. पाच मिनिटांत माणसं गोळा. चूक कुणाची हे कुणी विचारलंसुद्धा नाही, "गाडी मोठी आहे ना तुमची, द्या पैसे". बायको-पोरगी गाडीत रडत होती. मी पैसे दिले आणि निघालो. मग मला सांगा की मोठ्यानं सांभाळायचं असतं.

स्कूटीवाली:

दादा तुमच्याबरोबर झालं ते वाईटच. पण त्या एका माणसामुळं मी का कडेनं जायचं? सिंहगड रोडला रोज संध्याकाळी जाते मी. बाई दिसली की मागचा मुद्दाम चिकटतो, काच खाली करून "ओ मॅडम, कडेनं" म्हणतो. एकदा घेतलं कडेला, पुढं गटाराचं झाकण रस्त्याच्या खाली गेलेलं, पुढचं चाक त्यात, मनगट मोडलं. ज्यानं हॉर्न मारला तो थांबलापण नाही, त्याला कळलंसुद्धा नसेल. तो गाडी घासून गेला नाही म्हणजे कागदावर तो निर्दोष. माझ्या मनगटात अजून प्लेट आहे, पावसाळ्यात ठणकते.

मी आता लेनमध्येच चालवते. वाजवू दे किती वाजवायचं ते.

लांबपल्ला:

ट्रक ड्रायव्हर आहे, फोनवर बोलून टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या. घाटवाट भाऊ, लेनमध्ये चालवा म्हणणं सोपं आहे. माझ्या केबिनच्या बरोबर पुढं आणि डाव्या दारापाशी आलेली मोटरसायकल मला दिसतच नाही. आरशात माझं तोंड तुम्हाला दिसत नसेल तर मलाही तुम्ही दिसत नाही, एवढं पोरांना सांगा. आणि कंटेनर डावीकडं वळताना मागची चाकं आतनं कापत येतात, पोरगं बघतं जागा आहे आणि घुसतं, ती जागा बंद होणार असते.

कात्रजच्या नव्या बोगद्यातनं नवले पुलाकडं उतरताना काही लोक डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकतात, मग इंजिनाचा रोध राहत नाही, सगळा भार ब्रेकवर, लायनर तापतात आणि ब्रेक धरत नाही. ते पाप आमच्यातलेच लोक करतात, नाकारत नाही. मी खालच्या गिअरमध्येच उतरतो. पण त्याच उतारावर पुढं येऊन कचकन ब्रेक मारणारा दुचाकीवाला रोज भेटतो, त्याचं काय?

आणि ट्रकवाले धडक देऊन पळून जातात म्हणतात ना लोक, जमाव ड्रायव्हरला जिवंत ठेवत नाही. धडक देऊन न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा असं नव्या कायद्यात आलं, त्यावरनं जानेवारी २०२४ ला आम्ही गाड्या थांबवल्या त्या उगाच नाही.

घाटवाट:

आरशाचं आणि कंटेनरच्या वळणाचं तुमचं शंभर टक्के, ते मी वरच लिहायला हवं होतं. पण पळण्याचं पटणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ नीट वाचा, जमाव अंगावर आला तर तिथनं निघायची मुभा त्यातच आहे. मग जवळच्या पोलीस ठाण्यात २४ तासांच्या आत जाऊन सांगायचं. आणि १०८ ला फोन तर चालत्या गाडीतनंही करता येतो. जखमीला उचलणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून १३४अ पण आहे. जमावाची भीती खरी, पण फोन न करण्याला ती कारण होत नाही.

लांबपल्ला:

कायदा तुम्ही एसीत बसून वाचता. रात्री दोन वाजता शंभर माणसांत वाचून दाखवा. फोन करावा हे मात्र बरोबर, मी करतो.

कऱ्हाडी_पल्सर:

तुमी कार न् ट्रकवर भांडा. आमच्याकडं नोव्हेंबर लागला की खरा काळ कोण असतो तर उसाची ट्रॉली. डबल ट्रॉली, ऊस मागं हातभर लोंबतोय, त्यानं होता नव्हता तो रिफ्लेक्टर झाकला, टेललाईटची वायर जोडायची पिन आहे पण जोडत नाही कुणी, आणि पुढं गाण्यांचा डेक एवढ्या आवाजात की हॉर्न ऐकू जाणं शक्य नाही. मसूर रोडला माझा मावसभाऊ गेला मागच्या हंगामात. रात्रीचा कामावरनं येत होता. समोरनं चारचाकी हाय बीम मारत आली, डोळे दिपले, आणि पुढं अंधारात ट्रॉली उभी. नुसती उभी, रस्त्यावर, पंक्चर काढत होते. ना दगड ठेवलेले ना फांदी. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. त्यानं लेन पाळली, हेल्मेट होतं, साठच्या आत होता. सांगा काय चुकलं त्याचं.

उसाचा_फड:

भावा वाईट झालं. पण सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना काळ म्हणू नको. माझा स्वतःचा ट्रॅक्टर कारखान्याला लागतोय. टनावर पैसे मिळतात, यार्डात नंबर लागायला रात्र जाते, ऊस तोडून पडला की तासातासाला वजन घटतं, तोडणीच्या टोळीला आगाऊ उचल दिलेली असते ती फिटायची असते. दिवसा हायवेला सोडत नाहीत, रात्री आला तर तुम्ही म्हणता दिसत नाही. मग ऊस न्यायचा कधी? साखर खाता ना सगळे? आणि खरं सांगू का, पल्सर घेऊन ऐंशी-नव्वदनं येणारी पोरं ट्रॉलीच्या मधनं जायला बघतात, हे मी डोळ्यानं बघितलंय.

कऱ्हाडी_पल्सर:

साठच्या आत होता लिहिलंय वर. वाच की. मेलेल्या माणसाला स्पीडचं सांगू नको मला.

उसाचा_फड:

तुझ्या भावाचं म्हटलो नाही मी.

कऱ्हाडी_पल्सर:

मग कुणाचं म्हटलास? गावात कुणी गेलं की पहिलं वाक्य हेच असतं, "जोरात असेल". त्याच्या बायकोनं पण तेच ऐकलं, तेराव्याला!

घाटवाट:

जरा थांबा दोघंही. साठला गाडी सेकंदाला १७ मीटर जाते. साध्या मोटरसायकलचा लो बीम तीसेक मीटर नीट दाखवतो. बघून ब्रेकवर हात जाईपर्यंत १७ मीटर संपले, पुढं थांबायला आणखी वीस मीटर लागतात, तेही कोरड्या रस्त्यावर. म्हणजे बिनलाईटची उभी ट्रॉली साठला दिसली तरी थांबता येत नाही, चालवणारा कितीही शहाणा असू दे. अशा रस्त्याला रात्री पंचेचाळीसच्या वर जायचं नाही, समोरनं हाय बीम आला की नजर डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची आणि वेग आणखी उतरवायचा. हे मी सगळ्यांना सांगतो. पण त्यानं ट्रॉलीवाल्याची जबाबदारी माफ होत नाही. मागं लाल पट्टी, बाजूला पिवळी, पुढं पांढरी, हे चिकटवायला किती खर्च येतो? एका खेपेच्या चहापाण्याएवढा.

स्टेअरिंगवाला:

पंचेचाळीसच म्हणताय, आणि कडेनं चाला म्हटलं तर राग. तेच तर मी सांगत होतो, वेग आणि अहंकार कमी.

घाटवाट:

नाही, तेच नाही. वेग कमी करणं माझ्या हातात आहे आणि मी करतो. कडेला ढकलणं तुमच्या हातात आहे आणि ते तुम्ही करू नका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि त्या मावसभावाला ज्यानं हाय बीम मारला तो चारचाकीवालाच होता, तो तुमच्या हिशोबात कुठंच येत नाही. समोरनं दुचाकी आली तर डिपर द्यायचा (बीम खाली करायचा) नसतो असं का धरून चालतात लोक? समोर ट्रक आला की बरोबर देतात.

स्टेअरिंगवाला:

डिपरचं मान्य. बरेच जण देत नाहीत, हे खरंय. मी देतो.

पायलट_म्हापसा:

गोव्यात मोटरसायकल पायलट आहे, मागं गिऱ्हाईक बसवून पोट भरतो, त्यामुळं मला भांडण परवडत नाही. वीकेंडला बाहेरची गाडी अंगावर आली की मी आधी गिऱ्हाईकाला सांगतो घट्ट धर, मग जाऊ देतो. पण घाटवाटचं पटतं, कडेला मी पण जात नाही. आमच्या अरुंद रस्त्यांना कडेला थेट शेत किंवा दगडी बांध. घाटात तर चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते हा नियमच आहे, कितीजण पाळतात? उतरणारा म्हणतो माझा वेग आहे, तू थांब.

स्कूटीवाली:

त्या फडवाल्या दादांना विचारते. रिफ्लेक्टर लावायला कारखाना देत नाही का? आमच्याकडं आरटीओ आणि कारखान्यानं हंगामाच्या सुरुवातीला लावल्याचे फोटो पेपरात येतात.

उसाचा_फड:

देतात ताई. पहिल्या आठवड्यात लावतात, फोटो काढतात. ऊस भरताना पाचटानं घासून पंधरवड्यात निघतो, चिखलानं झाकतो. परत कोण देत नाही. टेललाईटचं म्हणाल तर ट्रॉली रिकामी करताना वायर तुटतेच. आणि ट्रॉल्या भाड्याच्या असतात, मालक म्हणतो तू लाव, ड्रायव्हर म्हणतो तू लाव. असं चाललंय. बरोबर आहे असं मी म्हणत नाही.

कऱ्हाडी_पल्सर:

मग म्हणू नकोस, लाव.

उसाचा_फड:

माझ्या दोन्हीला लावतो. पण पंक्चरला रस्ता सोडून उभं करायला कड कुठंय सांग, तुझ्या घाटवाटनंच वर लिहिलंय की कड राहिली नाही. भरलेली ट्रॉली खडीत उतरवली की पलटी होते, खाली माणूस असतो.

लांबपल्ला:

हे खरं आहे. आम्हालापण थांबायला जागा नाही. पण मागं पन्नास पावलं जाऊन फांदी तरी टाका, एक पोरगं बॅटरी घेऊन उभं करा. आम्ही त्रिकोण ठेवतो, तो चोरीला जातो, तरी ठेवतो.

कऱ्हाडी_पल्सर:

बॅटरी घेऊन एक माणूस. एवढंच पाहिजे होतं त्या रात्री.

घाटवाट:

@कऱ्हाडी_पल्सर, केस झाली का? ट्रॉलीचा नंबर, विमा काही? विमा नसला तरी दावा ट्रॅक्टर मालकावर लागतो, मोटार अपघात न्यायाधिकरणात. आणि कुणाच्या बाबतीत गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रनच्या योजनेत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. त्याचा अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात करायचा असतो, बऱ्याच घरांना हे कुणी सांगतच नाही.

कऱ्हाडी_पल्सर:

नंबर आहे. ट्रॉलीला नंबरच नव्हता, ट्रॅक्टरचा आहे. वहिनीचे भाऊ बघतायत, वकील म्हणतो मागनं धडकला म्हणजे चूक त्याचीच धरतील.

घाटवाट:

असं सरसकट नसतं. लाईट नसलेलं वाहन रात्री रस्त्यात उभं होतं हे पंचनाम्यात आलंय का ते बघा, तेच सगळ्यात महत्त्वाचं. टेललाईट, रिफ्लेक्टर, ट्रॉली रस्त्याच्या कुठल्या भागात उभी होती याचे फोटो पोलिसांकडं असतील, नसतील तर त्या वेळी आलेल्या कुणाच्या मोबाईलमध्ये असतील, ते आजच गोळा करा. दुसरा वकील बघायचा तर मला मेसेज करा.

स्टेअरिंगवाला:

विषय कुठल्या कुठं गेला. तरी सांगतो, लेनच्या मधोमध चाळीसनं चालणाऱ्या मोपेडमागं मी हायवेला अडकणार नाही, हॉर्न मारणारच.

स्कूटीवाली:

एकदा मारा. शेजारची लेन बघा. मग इंडिकेटर देऊन जा. तुम्हाला चार चाकं त्यासाठीच मिळाली नाहीत का?

स्टेअरिंगवाला:

एकदाच मारतो. तुमची माणसं आरसे बसवतील तेव्हा दुसऱ्यांदा मारायची वेळ येणार नाही.

उसाचा_फड:

लाल पट्टी कऱ्हाडात कुठं चांगली मिळते? मागच्या वेळची पावसात सुटली.

लांबपल्ला:

ट्रान्सपोर्टचं सामान मिळतं त्या दुकानात माग, सायकलच्या दुकानातली घेऊ नको. पत्रा आधी पेट्रोलनं पुसून घे, कोरडा झाल्यावर चिकटव, आणि मागच्या फाळक्याच्या खाली लाव, वर लावलीस तर ऊस परत झाकणार.